दिवसा उघडं राहणारं दार

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला धीराची बाई समजायला नको. लिफ्ट मध्येच अडकली की मला रडू फुटतं, अनोळखी नंबरवरून फोन आला की मी तो नवऱ्याच्या हातात देते, आणि शेजारी भांडं पडलं तरी माझ्या छातीत धस्स होतं. अशा बाईने लग्न करून जावं कुठे, तर दिवसा दार लावायचं नाही असा नियम असलेल्या घरात.

घर नणंदेचं आणि नणंद आमदार. जोगेश्वरी पूर्वेला सगळे तिला अक्का म्हणतात, तिच्या वडिलांच्या वयाची माणसंसुद्धा. माझा नवरा तिचा धाकटा भाऊ. तिने स्वतः लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, राहून गेलं. माझ्या सासऱ्यांना आम्ही नायना म्हणतो, तेलगूत वडिलांना म्हणतात तसं. नायना तरुणपणी तेलंगणातल्या एका कोरड्या गावातून बायकोला घेऊन मुंबईत आले आणि बांधकामावर बिगारी झाले. आरेच्या कडेला टेकडीच्या उतारावर ताडपत्रीचं झोपडं बांधलं. अक्का तिथेच जन्मली, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकली, आणि शाळा सुटल्यावर आईबरोबर खडी वाहायला गेली. माझ्या सासूबाई मी येण्याआधीच गेल्या.

मी मालवणकडची. माझे वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीच्या गेटवर बसले. तेलगू घरात मुलगी द्यायची म्हणताना आईने कपाळावर हात मारून घेतला होता. "आपल्यातलो एक पण गावलो नाय तुका?" असं ती लग्नाच्या हॉलमध्येही हळूच म्हणाली होती. नंतर नायनांचं आणि तिचं इतकं जमलं की ती आली की दोघं माशांच्या भावावरून तासभर बोलत बसायची.

अक्काची कारकीर्द संडासापासून सुरू झाली, असं ती स्वतःच भाषणात सांगते. उतारावरच्या बायकांना अंधार पडेपर्यंत थांबावं लागायचं, म्हणून तिने कॉलेजात असताना वॉर्ड ऑफिसात ठिय्या दिला. संडास झाले, मग नळ आला, मग नाका कामगारांची संघटना. सकाळी चौकात उभं राहून आजच्या दिवसाच्या कामाची वाट बघणारे गवंडी, रंगारी, बिगारी, त्यांची ही संघटना. त्यातूनच ती नगरसेविका झाली आणि पुढे आमदार. घरकामगार बायका, जातपंचायतीने वाळीत टाकलेली कुटुंबं, बांधकामावरच्या मुलांसाठी पाळणाघर, असे तिचे विषय. यातल्या एकाही विषयावर मंत्रालयात कुणाला घाई नसते.

पहिल्या निवडणुकीत एका चौकसभेत गर्दीतून एक बाई ओरडली होती, "निवडून आल्यावर तुम्ही लोक सापडता कुठे?" अक्का म्हणाली, "घरी. माझ्या घराचं दार दिवसा बंद दिसलं, तर पुन्हा मत देऊ नका मला." टाळ्या पडल्या. पुढाऱ्यांनी असं बोलायचं असतं आणि लोकांनी ते विसरायचं असतं, पण हा रिवाज अक्काला कुणी शिकवलाच नव्हता. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तिने दाराला वीट लावली. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत ती वीट तिथेच.

माझी आई पहिल्यांदा राहायला आली तेव्हा दुपारी तिचा डोळा लागला आणि जाग आली तर समोर चार परके पुरुष. "गो बाय, ह्या घराक दार आसा तां कित्याक? लावूचा नाय तर काडून तरी टाका," ती म्हणाली. एकदा एक गृहस्थ बराच वेळ सोफ्यावर पेपर वाचत बसले होते. मी त्यांना दोनदा चहा दिला, पोहे दिले. शेवटी कळलं, ते वरच्या मजल्यावर मुलगी बघायला आले होते आणि आमच्याकडचा पाहुणचार बघून मुलगी येण्याची वाट बघत होते. असं हसण्यासारखंही बरंच घडायचं, नाही म्हणत नाही. पण मी भाजी चिरतानासुद्धा एक डोळा दारावर ठेवून चिरायची.

अक्का दाराजवळच स्टूल टाकून बसायची. तिची पद्धत अशी की माणूस गाऱ्हाणं घेऊन आला की त्याच्यासमोरच अधिकाऱ्याला फोन लावायचा आणि तो स्पीकरवर टाकायचा. अधिकारी काय म्हणतो ते माणसाने आपल्या कानांनी ऐकावं. त्यामुळे तिला खोटी आशा दाखवता यायची नाही आणि अधिकाऱ्याला टाळाटाळ करता यायची नाही. नायना त्यांच्या खुर्चीत बसून हे सगळं कौतुकाने ऐकायचे आणि माणूस निघाला की त्याला विचारायचे, "झालं काम?"

मग ते वर्ष आलं. आपल्याच भागात कुठेतरी एका भेळवाल्याला मराठी येत नाही म्हणून कानाखाली मारलं, त्याचा व्हिडिओ घराघरात फिरला. अक्का विधानसभेत बोलली. मी टीव्हीवर पाहत होते. ती म्हणाली, "मराठीने मला उभं केलं. म्हणून तिच्या नावाने कुणी गरिबाच्या कानाखाली काढली तर मला ती माझ्याच घरातली मारामारी वाटते." दुसऱ्या दिवशी जो व्हिडिओ फिरला त्यात मधलं सगळं कापलेलं होतं. "मराठीने" आणि "मारामारी" तेवढं जोडून ठेवलेलं.

फोन सुरू झाले. तेलगू मजुरांना हिणवून म्हणतात तसं, कामाठीण, गावाला जा. तुझा बाप कुठून आला ते आम्हाला माहीत आहे. अक्काच्या ऑफिसच्या पाटीवर कुणीतरी काळं फासलं. याचं मला वाईट वाटलं, रागही आला, कारण मराठी माझी, माझ्या आईची, आणि ही माणसं तिच्या नावाने माझ्या घरात घाण टाकत होती. पण खरी भीती वाटली ती एका फोटोची. अक्काच्या फोनवर आला. खाली एक शब्द नाही. आमचं दार, उंबऱ्यावरची वीट, चपलांचा ढीग, आणि आत खुर्चीत बसलेले नायना. काढणारा आमच्या पॅसेजमध्ये उभा राहिला असणार. कदाचित मी त्याला पाणीही दिलं असेल.

"आता तरी दार लाव," मी म्हणाले.

"आज लावलं की उद्या उघडायला हात धजणार नाही. ते जिंकले म्हणून समज."

"जिंकू देत गं! मला काय करायचंय कोण जिंकतं त्याच्याशी?"

नवरा मध्ये पडला नाही. तो वीज कंपनीत आहे, त्याला जिवंत तारेला हात न लावण्याची सवय आहे. शेवटी पोलीस संरक्षण मिळालं. एक शिपाई अक्काबरोबर गाडीत, एक आमच्या दारात. दार उघडंच राहिलं, फक्त त्यात आता खाकी कपड्यातला माणूस उभा असायचा.

आणि याच सुमारास नायना विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग वार, मग जेवलो की नाही ते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते आम्ही घरात कधी उच्चारलं नाही. मग भाषा जायला लागल्या. हिंदी पहिली गेली. एका सकाळी मी विचारलं, "नायना, चहा घेणार ना?" तर त्यांनी माझ्याकडे लाजून पाहिलं आणि तेलगूत म्हणाले, "अम्मा, तुमची बोली मला कळत नाही." आदल्या दिवशी ते माझ्या आईशी फोनवर माशांच्या भावावरून मराठीत भांडले होते. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. पुढे मीच मोडक्यातोडक्या तेलगूत त्यांच्याशी बोलायला शिकले.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच चित्र बसलं. नायना बाहेर पडलेत. कुणीतरी त्यांना मराठीत काहीतरी विचारतं. ते हात जोडून हसतात आणि तेलगूत उत्तर देतात. समोरचा खिशातून फोन काढतो, दुसरा कुणी हात उगारतो. एवढंच चित्र. ते मला भाकरी थापताना दिसायचं, ऑफिसात फाइल चाळताना दिसायचं. मी कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे, त्या दिवसांत निम्मी रजा मी त्या चित्रापायी घालवली.

तो दिवस अधिवेशनातला होता. अक्काने त्या भाषणाबद्दल माफी मागावी म्हणून सभागृहात रोज गोंधळ चालला होता, आणि त्या दिवशी दुपारी तिला तिचा खुलासा करायला वेळ मिळाला होता. ती आतल्या खोलीत दार लोटून, स्वतःशीच बोलून पाहत होती. बाहेर हॉल भरलेला. अक्काला सभागृहात जायचं असलं की सगळे सकाळीच गाठतात. मी चहाचा दुसरा टोप चढवला, गाळला, बाहेर नेला आणि नायनांची खुर्ची रिकामी दिसली.

बाथरूम पाहिलं. गॅलरी पाहिली. अक्काच्या खोलीत डोकावले. पलंगाखालीसुद्धा वाकून पाहिलं, कारण भीतीत माणूस कुठेही पाहतो. मग दारातल्या शिपायाला विचारलं. तो त्याच दिवशी बदलून आलेला, नवा.

"आजोबा? धोतरवाले? ते गेले ना, ताई. लिफ्टचं बटण मीच दाबून दिलं."

"गेले म्हणजे? ते या घरातले आहेत!"

त्याचा चेहरा उतरला. "मला वाटलं, काम झालेला माणूस आहे. हात जोडले, काहीतरी बोलले, निघाले. येणाऱ्याला तपासायचं सांगितलंय मला. जाणाऱ्याचं कोण काय बोललंच नाही."

खोटं बोलत नव्हता बिचारा. रोज इतकी माणसं हात जोडून आमच्या घरातून बाहेर पडतात, त्यात त्याने घरच्या म्हाताऱ्याला कसं ओळखावं? हॉलमध्ये बसलेल्यांनीही त्यांना जाताना पाहिलं होतं, आणि नंबर पुढे सरकला म्हणून त्यांना बरंच वाटलं होतं.

अक्का बाहेर आली, तिला सांगितलं. तिने ताबडतोब फोन हातात घेतला. मतदारसंघातल्या प्रत्येक चाळीचा, मंडळाचा, रिक्षा स्टँडचा ग्रुप तिच्याकडे आहे. नायनांचा फोटो तिने उघडलासुद्धा. मी तिचं मनगट धरलं.

"नको टाकू, अक्का."

"वेडी आहेस का गं? अर्धं जोगेश्वरी रस्त्यावर येईल शोधायला."

"येईल. पण आधी कोण पोचेल त्यांच्याकडे? तो फोटो काढणारा पण असेलच ना कुठल्यातरी ग्रुपमध्ये."

 मला वाटलं, आता खेकसणार. पण तिने फोन खाली ठेवला. इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदा माझं ऐकलं होतं. अक्का घाबरली असेल तर मग घाबरण्यासारखंच आहे, असं झालं मला.

नवऱ्याला फोन केला, तो अंधेरीहून स्टेशनच्या बाजूने शोधत निघाला. आम्ही अक्काच्या पांढऱ्या गाडीत बसलो. पुढे ड्रायव्हर आणि तोच नवा शिपाई, कारण नायनांना शेवटचं त्यानेच पाहिलं होतं. आधी उतारावर गेलो, जिथे झोपडं होतं. तिथे आता टॉवरचं पार्किंग आहे. वॉचमन म्हणाला, कोणी आलं नाही. मग आरेत शिरलो. गोठ्यांच्या बाजूचा रस्ता, मग पाड्याकडचा, मी काच खाली करून प्रत्येक झाडाखाली बघत होते. एका बसस्टॉपवर घोळका दिसला. मधे कुणाचं तरी पांढरं धोतर, आणि वर धरलेले फोन.  मी नुसती ड्रायव्हरच्या सीटवर हात आपटत राहिले. गाडी थांबायच्या आत अक्का उतरून धावली. तिथे एक पुजारी म्हातारा होता, त्याच्या पिशवीतून साप निघाला म्हणून लोक शूटिंग करत होते. अक्काला ओळखून दोघांनी तिच्याबरोबर सेल्फी मागितला. तिने दिला. तो सेल्फी मी नंतर पाहिला, त्यात ती हसते आहे.

परत गाडीत बसल्यावर शिपाई मान न वळवता म्हणाला, "मॅडम, एक सांगायचं राहिलं. त्यांच्या हातात परात होती."

"परात?" मी म्हणाले.

"मोठी, स्टीलची. मला वाटलं, भांडी विकणारे असतील."

मला काहीच उलगडेना. कणीक मळायची माझी परात घेऊन म्हातारा जाणार कुठे? अक्काने मात्र डोळे मिटून घेतले. मग ड्रायव्हरला म्हणाली, "नाक्यावर घे. मेट्रोच्या पुलाखाली. नायना कामाला गेलेत." त्यांच्या लेखी परात नव्हती ती, घमेलं होतं. बिगारी घमेलं घेतल्याशिवाय घरातून निघत नाही.

नाक्यावर अजून माणसं होती. ज्यांना काम मिळालं ते गेले होते, उरलेले खांबांच्या सावलीत टेकले होते. आमची गाडी कडेला लागली आणि पुढच्या दारातून आधी खाकी कपडे उतरले. बस्स. सगळा नाका उठला. बायकांनी पिशव्या उचलल्या, रंगाऱ्यांनी बादल्या, आणि बघता बघता पुलाखालची जागा मोकळी झाली. हीच माणसं एरवी अक्काला बघून घोषणा देतात. त्यांनी अक्काला पाहिलंच नाही, वर्दी तेवढी पाहिली.

नायनांना पळता आलं नाही. खांबाला धरून ते उभे राहिले. परात पायाशी पडली होती. अंगाला कुणाचा हात लागलेला नव्हता, मी आधी तेच पाहिलं. गाल पाहिले, सदरा पाहिला. मला इतकं बरं वाटलं की मी रस्त्यातच "नायना!" म्हणून ओरडले.

अक्का त्यांच्यापर्यंत पोचली. सभागृहासाठी नेसलेली कडक इस्त्रीची साडी, मागे शिपाई, त्याच्या मागे पांढरी गाडी. नायनांनी हात जोडले आणि तिला "दोरसानी" म्हणाले. त्यांच्या गावाकडे जमीनदाराच्या बायकोला असं म्हणत. आणि मग ते भराभर बोलू लागले. मला सगळं कळत होतं, न कळतं तर बरं झालं असतं.

"दोरसानी, आम्ही निघतो. संध्याकाळपर्यंत सामान हलवतो. फक्त आज झोपडं पाडू नका. पोरीला ताप आहे. आत निजवलंय तिला. एवढीशी आहे, दोरसानी, तिला उन्हात कुठे ठेवू?"

अक्का तेलगूत म्हणाली, "नायना, मी आलेय. मीच ती."

त्यांनी ते ऐकलं नाही. ते वाकले आणि तिच्या पायांकडे हात नेला. तिने खाली बसून त्यांचे दोन्ही हात धरले. म्हणाली, "नाही पाडणार. कुणी नाही पाडणार." ते मान हलवत राहिले. असं सांगणारे त्यांनी बरेच पाहिले असणार.  नवख्या शिपायाने तोंड फिरवलं.

गाडीत बसायला ते तयार होईनात. गाडी बघितली की खांबाला घट्ट धरायचे. तेव्हा अक्काने शिपायाला आणि ड्रायव्हरला सांगितलं, गाडी घेऊन जा, लांब, दिसणार नाही इतकी. शिपाई म्हणाला, "मॅडम, तुम्हाला असं उघड्यावर सोडून?" "जा म्हटलं ना," ती म्हणाली. विधान भवनातून फोन येत होता. तिने तो बंद करून पर्समध्ये टाकला. खुलाशाची वेळ निघून गेली. आमदार पळाल्या, अशी बातमी दुसऱ्या दिवशी आली आणि पुढे निवडणुकीत तिला ती चांगलीच महागात पडली. पण तेव्हा तिथे आम्हाला त्यातलं काही सुचत नव्हतं.

गाडी वळणाआड गेली. अक्का नायनांच्या शेजारी जमिनीवर बसली, मीही बसले. साडीला धूळ लागली होती, केस सुटले होते. नायनांनी पुलाच्या दोन्ही बाजूंना नीट पाहून घेतलं. मग त्यांनी अक्काकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. ओळखलं नव्हतं. पण आता ती त्यांना दोरसानी वाटत नव्हती, नाक्यावरचीच कुणी बाई वाटत होती.

"गेले ते," ते तिच्या कानाशी येऊन कुजबुजले. "पण इथे बसू नको, बिड्डा. ते परत येतात."

बिड्डा म्हणजे लेकरू. अक्काने मान डोलावली. नायनांनी तिचा दंड धरून तिला आपल्या मागे ओढलं, मला हाताने खूण केली, आणि आम्ही तिघं रस्त्यावरून दिसणार नाही असे खांबाच्या आड सरकून बसलो.